केडगावचा माळ: मुदतीचा पैसा, दुष्काळातल्या मुली आणि भिंतीआड वसलेले गाव

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने रेल्वेने निघाले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. आज या भागात उसाचे फड दिसतात. १८९०च्या दशकात हा भीमथडी तालुका होता. १८७५ साली सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे जे दंगे झाले, त्यांची सुरुवात याच तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात झाली होती. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, कर्ज पाचवीला पुजलेले. अशा मुलखात पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथे जवळजवळ दोन हजार माणसांची, बहुतांश स्त्रिया आणि मुलींची, वस्ती उभी राहिली. मूळ गावापेक्षा आवार मोठे झाले.

या वस्तीबद्दल मराठीत दोनच सूर ऐकू येतात. एक श्रद्धेचा: रमाबाईंनी प्रार्थना केली आणि देवाने दिले. दुसरा संशयाचा: दुष्काळाचा फायदा घेऊन धर्मांतरे झाली. दोन्ही सुरांत व्यवहार हरवतो. पैसा कुठून येत होता, कधी संपणार होता, मुलींना जेवू कोण घालत होते, शिकवत कोण होते, हे प्रश्न दोन्ही बाजूंना फारसे पडत नाहीत. मला केडगावची गोष्ट त्याच बाजूने मांडायची आहे. हे गाव धर्मश्रद्धेने उभे राहिले हे खरेच, पण त्याचा आकार ठरवला तीन अडचणींनी, आणि त्या एकाच वेळी आल्या होत्या.

१८९७ची कोंडी

पहिली अडचण पैशाची. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. हे सदन चालत होते बोस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. उच्चवर्णीय विधवांसाठी निवासी शाळा, तीही धर्माच्या बाबतीत तटस्थ, अशी कल्पना होती. असोसिएशनने मदतीचे वचन दहा वर्षांसाठी दिले होते. म्हणजे १८९७ साली मुदत संपत आली होती.

दुसरी अडचण मुलींची. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांमधून आणि रस्त्यांवरून फिरताना त्यांना जे दिसले त्यात भूक होतीच, शिवाय एकट्या पडलेल्या मुलींना उचलून नेणारे दलालही होते. इथे त्यांच्या पूर्वायुष्याची आठवण ठेवायला हवी. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर, उपासमारीने गेले होते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांसारखा विद्वान पुराणिक अन्नावाचून मेला, त्याची ही मुलगी. मध्य प्रांतातून त्या सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. शारदा सदनात तोवर मोजक्याच विद्यार्थिनी असत.

तिसरी अडचण प्लेगची. तीनशे उपाशी, आजारी मुली पुण्यात आणायच्या तर त्याच वेळी शहरात प्लेग पसरलेला. एका जागी एवढी माणसे ठेवायला सरकारी मनाई. रँडच्या प्लेग समितीचा तो काळ. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना कशी वागणूक मिळते याबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. मिशनरींच्या हातातले बाहुले म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी ही बाब बहुधा लक्षात घेतलेली नाही.

म्हणजे जागा नाही, पैशाची मुदत संपत आलेली आणि दारात तीनशे मुली.

पाठीशी कोण होते

खरे तर कोणीच नव्हते, आणि या प्रकरणाचा हा गाभा आहे. १८८२ साली रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी त्यांच्या बाजूला होती. आर्य महिला समाज स्थापन झाला, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात अशी मागणी केली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. तरीही परत आल्यावर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात सुधारक मंडळी होतीच, कारण सदनात धर्मप्रचार होणार नाही असा करार होता. ब्राह्मण विधवांसाठी स्वयंपाक वेगळा, सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक.

मग काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसू लागल्या. रमाबाईंची भूमिका अशी की कोणाला बोलावणार नाही, पण माझ्या खोलीचे दारही लावणार नाही. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. कराराचे शब्द पाळले गेले की मोडले यावर आजही वाद घालता येईल. माझ्या मते शब्द पाळले गेले आणि विश्वास मोडला, आणि निवासी संस्थेत विश्वासालाच वजन असते. पालक मुलीला पाठवतो तो कराराची कलमे वाचून पाठवत नाही.

परिणाम असा झाला की १८९७च्या कोंडीत पुण्यातून वर्गणी, स्वयंसेवक, सल्ला यांपैकी काहीही मिळण्याची शक्यता उरली नव्हती. उरला होता केडगावचा माळ.

माळ का घेतला होता

ही जमीन दुष्काळग्रस्तांसाठी घेतली नव्हती. अमेरिकेची मदत थांबल्यावर शारदा सदनाला स्वतःचे काही उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी ती आधीच घेऊन ठेवली होती. विहिरी खणायच्या, फळबाग लावायची, फळे विकायची आणि शाळा चालवायची, असा हिशेब होता. केडगावच निवडण्यात शहाणपण होते: जमीन स्वस्त आणि रेल्वे स्टेशन हाताशी. माल पुण्या-मुंबईला जाऊ शकत होता.

बागेचा हिशेब सावकाशीचा असतो. झाडे लावल्यावर फळे यायला वर्षे जातात. दुष्काळाने ती वर्षे दिली नाहीत. तरीही बागेसाठी घेतलेल्या जमिनीत विहिरी होत्या आणि राहायला मोकळी जागा होती. प्लेगच्या शहरात तीनशे मुली ठेवता येत नव्हत्या, माळावर तंबू ठोकून ठेवता येत होत्या. रेल्वेने जिथून फळे जायची होती, तिथेच रेल्वेने मुली येऊ लागल्या. कच्च्या छपरांची जागा पुढे दगडी इमारतींनी घेतली आणि १८९८च्या सप्टेंबरात मुक्ती सदनाच्या, म्हणजे केडगावच्या या नव्या संस्थेच्या, इमारतींचा समर्पण समारंभ झाला. शारदा सदनही पुढे इथेच आले.

या निर्णयात एक मोठी उडी होती, आणि ती जागेपेक्षा प्रवेशाच्या नियमात होती. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. केडगावला आलेल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या, अनेकींची जात कोणालाच ठाऊक नव्हती. वेगळा स्वयंपाक इथे शक्य नव्हता, आणि रमाबाईंना तो आता नकोही होता. पुण्यात जे सामाजिक धाडस करार आडवा येऊन अडले असते, ते केडगावात गरजेने झाले. सुधारणेच्या इतिहासात आपण ठरावांना फार महत्त्व देतो. इथे जेवणाची पंगत एक झाली ती बसणाऱ्यांची संख्या एवढी वाढली म्हणून.

१९००च्या सुमाराचा दुसरा दुष्काळ, गुजरात-काठेवाडातला छप्पनिया, आला तेव्हा रमाबाईंनी आपल्याकडच्या माणसांना तिकडे धाडले. आणखी मुली आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे चालवायची कशी

दुष्काळातून आलेली मुलगी म्हणजे केवळ गरीब मुलगी नव्हे. तिला हगवण, खरूज, डोळ्यांचे आजार असतात. ती अन्न लपवते, भांडते, रात्री ओरडते. अनेकींना मराठी येत नव्हते, कोणी हिंदी बोलणारी, कोणी गुजराती. अशा शेकडो मुलींना सांभाळायला पगारी नोकर आणायचे तर पैसा नव्हता, आणि आणले असते तरी टिकले नसते.

रमाबाईंनी शारदा सदनातल्या मोठ्या मुलींना पुढे केले. ज्या विधवा स्वतः पाच-सात वर्षांपूर्वी केशवपन केलेल्या, भेदरलेल्या आल्या होत्या, त्यांच्या हाती लहान मुलींचे गट दिले. एकीने अंघोळी पाहायच्या, दुसरीने अक्षरओळख द्यायची, तिसरीने कोठार. संस्थेचे मध्यम व्यवस्थापन असे आतूनच तयार झाले. १८८९ ते ९६ या काळात शारदा सदनातून फार थोड्या मुली बाहेर पडल्या, असे तक्रारीच्या सुरात म्हटले जाते. पण त्या मोजक्या मुली तयार नसत्या तर १८९७चे केडगाव एका पावसाळ्यातच कोसळले असते.

दुसरा आधारखांब म्हणजे काम. शिक्षणाच्या जोडीला प्रत्येकीला काही ना काही हातकाम होते: शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, धुलाई, टोपल्या विणणे. अंध मुलींसाठी वेगळे सदन होते आणि तिथे ब्रेल लिपी शिकवली जाई. वृद्धांसाठी प्रीती सदन, फसवल्या गेलेल्या किंवा वाईट मार्गाला लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. पुढे मुलग्यांसाठीही सदन झाले. सगळ्यात लक्षणीय होता छापखाना. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे बायका करत, आणि मराठीबरोबर ग्रीक-हिब्रू खिळेही हाताळत. त्या काळातल्या किती छापखान्यांत बाई कंपोझिटर दिसली असती?

या कामांकडे 'उद्योगशाळा' म्हणून पाहणे सोपे आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तत्कालीन विधवेचा दिवस घरात कामानेच भरलेला असे, पण ते काम कोणाच्या खिजगणतीत नसे. केडगावला तेच कष्ट मोजले गेले, त्यांना नाव मिळाले, त्यात प्राविण्य मिळवता आले. स्वयंपाकघरातली राबणूक आणि छापखान्यातली जुळणी यांत फरक कष्टाचा नव्हता. आवारात काम सगळ्यांना होते, त्यामुळे 'हलके' काम अमक्या जातीचे, ही वाटणी टिकणे अवघड झाले.

तरीही उद्योगांवर दोन हजार पोटे भरत नव्हती. बाहेरून पैसा लागत होता आणि तो इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस्ती देणगीदारांकडून येत होता. रमाबाईंवर जॉर्ज म्युलरचा प्रभाव होता. ब्रिस्टलला अनाथालय चालवणारा हा माणूस कोणाकडेही पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर संस्था चालवत असे, अशी त्याची ख्याती. केडगावचेही धोरण तसेच सांगितले जाते. फक्त एवढे लक्षात ठेवावे की 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचे इंग्रजी पत्रक केडगावहून निघत असे आणि परदेशात वाचले जात असे. प्रार्थना देवाला ऐकू गेली असेलच, पण ती टपालानेही जात होती. यात ढोंग नाही. वार्तापत्र नसलेली धर्मादाय संस्था अजून कोणी पाहिलेली नाही.

भिंतीच्या दोन बाजू

आता किमतीचा भाग. तो समजायला केडगावशेजारी पुण्याजवळचे हिंगणे ठेवून पाहावे लागते.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९००च्या सुमारास हिंगण्याला झोपडी बांधून तो तिथे नेला. म्हणजे एकाच मुळाच्या दोन संस्था, एकाच दशकात शहरातून बाहेर पडून माळावर गेलेल्या. हिंगण्याला मराठी मध्यमवर्गाच्या चार-चार आण्यांच्या वर्गण्या मिळाल्या. पार्वतीबाई आठवले, गोदूबाईंची बहीण, गावोगाव फिरून निधी जमवत राहिल्या. तिथून पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. समाजाने हिंगणे आपले मानले.

केडगावला हे मिळाले नाही. पण हिंगण्याला मान्यता मिळाली ती काही मर्यादा पाळून मिळाली, हेही तितकेच खरे. तिथे सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या, आणि आश्रमात राहणाऱ्या विधवांच्या पुनर्विवाहाचा आग्रह आश्रमाने धरला नाही, जरी कर्व्यांनी स्वतः तो केला होता. समाजाला बरोबर न्यायचे तर त्याच्या चालीने चालावे लागते. केडगावने समाज सोडला, म्हणून त्याला जात सोडता आली. हिंगण्याने समाज धरला, म्हणून त्याला वारस मिळाले. यातले काय बरोबर, हे ठरवण्याच्या घाईत आपण हे विसरतो की मध्य प्रांतातून आलेल्या भुकेल्या, अनोळखी जातीच्या मुलीला १८९७ साली हिंगण्यासारख्या संस्थेत जागा नव्हती.

धर्माचा प्रश्न टाळता येणार नाही. केडगाव उघडपणे ख्रिस्ती होते. शारदा सदनाची तटस्थता इथे संपली. बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले. ज्या मुलीला आई-बाप नाहीत, जिचे अन्न, वस्त्र, शाळा एकाच हातातून येते, तिच्या धर्मनिवडीला कितपत मोकळी निवड म्हणायचे? हा आक्षेप मला वजनदार वाटतो, आणि तो कोणत्याही धर्माच्या अनाथाश्रमाला लागू आहे. मात्र १८९७ साली त्या मुलींपुढचा दुसरा पर्याय 'स्वधर्मात सुखाने राहणे' हा नव्हता. दलाल किंवा मृत्यू, एवढेच होते.

१९०५ साली आवारात ख्रिस्ती पुनरुज्जीवनाची, म्हणजे सामूहिक भक्तीच्या उद्रेकाची, लाट आली. आधीच्या वर्षी वेल्समध्ये अशीच चळवळ झाली होती आणि तिच्या बातम्या केडगावला पोचल्या होत्या. मुली तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, मोठ्याने रडू लागल्या, काही अनोळखी भाषांत बोलू लागल्याची वर्णने आहेत. मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी बाईंनी त्यावर लिहिले, आणि पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवावर भर देणाऱ्या जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव गेले. काही पाश्चात्त्य मिशनरींना हा आरडाओरडा रुचला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली: आमच्या बायकांना आमच्या रीतीने भक्ती करू द्या. वारी आणि कीर्तन पाहिलेल्या कोणालाही या भूमिकेचे आश्चर्य वाटू नये. गंमत म्हणजे याच केडगावच्या परिसरात, बेटावर, नारायण महाराजांचे दत्तस्थान पुढे नावारूपाला आले. एकाच स्टेशनवर उतरून दोन दिशांना जाणारे भक्त, आणि दोघांचे एकमेकांशी फारसे देणेघेणे नाही.

कोणाच्या हाती

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. संस्कृतवर एवढे प्रभुत्व असलेल्या विदुषीने मुद्दाम संस्कृत शब्द टाळून लिहिले, यामागे आवारातल्या मुली होत्या. पुण्याच्या पंडितांसाठी ती मराठी नव्हतीच. संपूर्ण ग्रंथ केडगावच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला. तोवर रमाबाई नव्हत्या.

संस्थेच्या दृष्टीने याहून गंभीर घटना आधी घडली होती. मुलगी मनोरमा शिकलेली, परदेश पाहिलेली, शाळा सांभाळणारी. पुढची सूत्रे तिच्याकडे जाणार असे ठरल्यासारखे होते. ती १९२१च्या जुलैत वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. दहा महिन्यांच्या आत संस्थापक आणि वारस दोघीही गेल्या, आणि कारभार दीर्घकाळ परदेशी मिशनरी स्त्रियांच्या हाती राहिला.

इथे मला संस्थेचा खरा दोष दिसतो. १८९७ साली शारदा सदनाच्या विधवांना गटप्रमुख करणाऱ्या रमाबाईंनी, पंचवीस वर्षांत त्यांच्यातून निर्णय घेणारे मंडळ उभे केले नाही. मुली कोठार सांभाळत होत्या, छापखाना चालवत होत्या, वर्ग घेत होत्या. संस्थेची दिशा मात्र एकाच व्यक्तीच्या डोक्यात होती, आणि तिच्यानंतर तिच्या मुलीच्या डोक्यात असणार होती. १८९३चे राजीनामे पाहिलेल्या बाईला सल्लागार मंडळ नावाच्या प्रकरणाचा धसका बसला असणे स्वाभाविक आहे. पण पुण्याच्या पुरुषांचे मंडळ नको म्हणून केडगावच्या बायकांचेही मंडळ नको, हा निष्कर्ष निघत नव्हता.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. निराधार स्त्रिया आणि मुले तिथे राहतात, आवारातली राहणी 'कुटुंबां'मध्ये विभागलेली, प्रत्येक कुटुंबात मुलांना सांभाळणारी एक बाई. १८९७ साली मोठ्या मुलींच्या हाती लहान मुलींचे गट देण्याची जी तजवीज पैशाअभावी करावी लागली, तिच्याशी या व्यवस्थेचे नाते उघड आहे. मराठी शाळकरी मुलाला रमाबाई माहीत असतात त्या शारदा सदनापुरत्या, म्हणजे १८८९ ते १८९३ पर्यंतच्या. त्यानंतरची एकोणतीस वर्षे धड्यात येत नाहीत.